जर्मनीतली जुनी गावं: दोन तासांच्या थांब्यापलीकडचं सांगा

पुण्या-मुंबईहून कुणी जर्मनीला यायचं म्हटलं की बेत ठरलेलाच असतो. म्युनिक, नॉयश्वानश्टाईनचा राजवाडा, हायडेलबर्ग, वेळ उरला तर बर्लिन. मधे कुठेतरी टूरची बस रोटेनबुर्गला दोन तास थांबते. प्लोनलाईन नावाच्या नाक्यावरच्या पिवळ्या घरासमोर फोटो, हातात एक श्नीबाल (तळलेला गोड गोळा, दिसायला झकास, खायला कोरडा ठणठणीत), आणि बस पुढच्या गावाला. हा धागा त्या दोन तासांत न मावणाऱ्या गोष्टींसाठी काढला आहे. तुम्ही राहिलात, भटकलात, चुकून उतरलात अशा गावांबद्दल लिहा. हॉटेलांची यादी नको, ती कुठेही मिळते.

सुरुवात मी करते. मी न्युर्नबर्गला राहते, त्यामुळे रोटेनबुर्ग म्हणजे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायचं गाव. आता मी पाहुण्यांना तिथे मुक्कामच करायला लावते. संध्याकाळी बस निघून गेल्या की गाव गावकऱ्यांचं होतं, आणि कंदील घेतलेल्या पहारेकऱ्याबरोबर फेरी मारता येते. त्या फेरीत गावाचं खरं दुखणं कळतं. तीस वर्षांच्या युद्धात, 1631 साली, कॅथलिक सेनापती टिलीच्या फौजेनं हे गाव घेतलं आणि त्यानंतर त्याचं वैभव कायमचं गेलं. पुढची दोनेक शतकं जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. म्हणून भिंती, बुरूज, घरं जागच्या जागी राहिली आणि एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना ती ‘सापडली’. थोडक्यात, गरिबीनं गाव राखलं. माझ्या मते जर्मनीतल्या बहुतेक देखण्या जुन्या गावांची हीच कथा आहे. पटत नसेल तर भांडायला या.

आउग्सबुर्गहून, मूळ मेहकरचा

न्योर्डलिंगनवर कुणी लिहायच्या आत मी लिहितो, कारण हा आमच्या बुलढाण्याचा विषय आहे. लहानपणी लोणारला सहली जायच्या. न्योर्डलिंगनच्या सेंट जॉर्ज चर्चच्या मनोऱ्यावर चढलो (त्याला ‘डॅनियल’ म्हणतात, उंची 90 मीटर) आणि आजूबाजूला पाहिलं तर क्षितिजावर गोल टेकड्यांची कड. हे अख्खं गाव उल्कापाती विवराच्या आत वसलं आहे. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद, हे जवळपास 24. वयही सुमारे दीड कोटी वर्षं. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत येतं, इथे मात्र मनोरा चढल्याशिवाय आपण विवरात आहोत हे कळतच नाही.

गंमत म्हणजे दोन्हीकडे आधी ज्वालामुखीचाच तर्क होता. इथला निकाल 1960 साली लागला. शूमेकर आणि चाओ या शास्त्रज्ञांना इथल्या दगडात कोएसाइट हे खनिज सापडलं, आणि ते बनायला लागणारा दाब ज्वालामुखीत नसतो. चर्चही त्याच आघातातून तयार झालेल्या सुएव्हाइट दगडाचं आहे. त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे आहेत, तेव्हा भिंत खरवडायला जाऊ नका. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर खडक ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. संग्रहालय एका जुन्या कोठारात आहे आणि तिथे चंद्रावरचा दगड ठेवला आहे. लोणारलाही असं एक नीटस संग्रहालय असावं असं मला फार वाटतं.

गावाची तटबंदी पूर्ण शाबूत आहे. 2.7 किलोमीटरचा फेरा, वर छप्पर, त्यामुळे पावसातही फिरता येतं. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरचा पहारेकरी ‘झो, ग्झेल, झो’ अशी हाळी देतो. त्यामागे दंतकथा आहे: फितुरांनी वेशीचा दरवाजा उघडा ठेवला होता, एक डुक्कर त्याला अंग घासू लागलं, दार हललं, एका बाईनं ते पाहिलं आणि गाव वाचलं. म्हणून गावभर डुकरांचे पुतळे आहेत. डुकराचे इतके उपकार मानणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही.

श्टुटगार्टहून

इथे चाकण-पिंपरीहून आलेली मराठी इंजिनियर मंडळी कमी नाहीत, आणि मुंबई-श्टुटगार्ट ही 1968 पासूनची भगिनी-शहरं. पण एसलिंगनला किती जण गेलेत? एस-बानने, म्हणजे लोकलने, जेमतेम अर्ध्या तासाच्या आतलं गाव. हाफेनमार्क्टवर 1328 ते 1331 मध्ये बांधलेली लाकडी चौकटीच्या घरांची ओळ उभी आहे, देशातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी. खाली दुकानं, वर कुणाचे तरी पडदे. गावामागच्या द्राक्षमळ्यातून पायऱ्या चढून गेलं की तटबंदीवरून नेकार नदीचं खोरं दिसतं. नाताळबाजार मध्ययुगीन थाटाचा भरतो, गर्दी मात्र आपल्या गणपतीतल्यासारखीच.

हालेहून

गरिबीनं गाव राखलं हे अर्धंच खरं आहे, ताई. क्वेडलिनबुर्ग पाहून या.

या गावात दोन हजारांहून जास्त फाखवेर्क घरं आहेत, म्हणजे लाकडी सांगाडा आणि मधे माती-विटांची भर असलेली. वोर्टगासेमधलं एक घर चौदाव्या शतकातलं आहे, आणि फाखवेर्कचं संग्रहालय त्याच घरात आहे. टेकडीवर राजा हाइनरिश पहिला याची कबर. तो 936 साली गेला आणि त्याच वर्षी त्याची विधवा राणी मातिल्डं हिच्या इच्छेनं तिथे उच्चकुलीन स्त्रियांचा मठ स्थापन झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या मठाच्या प्रमुख बायकांची इथे सत्ता होती. गाइड हे पटकन सांगून पुढे जातात, मला मात्र तिथेच थांबून राहावंसं वाटलं.

आता गरिबीचं. पूर्व जर्मनीच्या काळात, साठच्या दशकात, जुनं गाव पाडून समाजवादी चौक बांधायचा बेत होता. पैशाअभावी तो बारगळला, इथवर तुमचं बरोबर. पण त्याच पैशाअभावी छपरं गळत राहिली, तुळया कुजल्या, माणसं प्लाटनबाऊच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये राहायला गेली, आणि ऐंशीच्या दशकात काही गल्ल्या जमीनदोस्त झाल्याच. बर्लिनची भिंत पडायला आणखी दहा वर्षं लागली असती तर बघायला फारसं उरलं नसतं. 1994 साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं, मग पैसा आला. गरिबी घर पाडत नाही हे खरं, पण ते सडू देते. इथले म्हातारे लोक अजून ‘तेव्हा या गल्लीत शिरायला भीती वाटायची’ असं सांगतात.

ड्रेस्डेनहून

हालेकरांना दुजोरा, आणि त्याला ग्योर्लिट्झची जोड. युद्धात बॉम्ब जवळजवळ पडले नाहीत, गॉथिकपासून 1900 च्या सुमाराच्या इमारतींपर्यंत चार हजारांवर संरक्षित वास्तू, आणि 1990 ला बऱ्याचशा ओसाड. मग 1995 पासून दरवर्षी एक निनावी देणगी यायला लागली. आधी दहा लाख मार्क, नाणं बदलल्यावर 5,11,500 युरो. अट एकच: देणारा कोण ते शोधायचं नाही. 2016 पर्यंत पैसे येत राहिले आणि त्यातून चर्च, घरं, दरवाजे, कारंजी दुरुस्त झाली. गावात हा विषय काढला की लोक हसतात आणि दुसरंच काही बोलायला लागतात. मला ते फार आवडलं.

नदीपलीकडे पोलंडचं झ्गोझेलेत्स. 1945 पर्यंत ते याच शहराचा भाग होतं. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं पूल उडवले, आणि जुन्या गावातला पादचारी पूल पुन्हा व्हायला 2004 उजाडलं. आता जेवायला पलीकडे जायचं, स्वस्त आणि पोटभर पिएरोगी (उकडलेल्या करंज्यांसारखा पदार्थ) मिळतात, शाकाहारीसुद्धा. पासपोर्ट खिशात असू द्या, तपासणी होऊ शकते. आणखी एक: पूर्व रेखांश 15 अंश या गावातून जातो, म्हणजे मध्य युरोपचं घड्याळ ज्यावर लावलं तो.

हेसेनमधल्या एका गावातून, फाखवेर्कमध्ये भाड्यानं राहणारी

सगळे बाहेरून बघून लिहिताहेत, मी आतून लिहिते. सांगाडा ओकचा, सांधे लाकडी खुंट्यांचे, खणांमध्ये काठ्यांची वीण आणि त्यावर गवत मिसळलेली माती. आमच्या सासवडच्या जुन्या वाड्यात सागाचे खांब आणि मधे विटा होत्या. तत्त्व तेच: भार लाकडानं घ्यायचा, भिंत नुसती आडोशाला. माळ्यावरच्या तुळयांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडे अजून आहेत. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचे, खुणा करायचे, सुटा करायचे आणि मग जागेवर उभा करायचे.

राहायला कसं? दाराच्या चौकटीला नवरा रोज वाकतो. कपाटाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी आहेत, नाहीतर दार आपोआप उघडतं. वरच्या मजल्यावर लेक धावली की खाली डाळीच्या भांड्यात लाटा. पण उन्हाळ्यात मातीच्या भिंतींमुळे घर गार राहतं आणि खिडकीत बसायला हातभर रुंद कट्टा आहे.

घरमालकीणबाई त्या घराच्या सोशिक नोकर आहेत असंच म्हणावं लागेल. खिडकी बदलायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, रंगही विचारून. त्या बदल्यात करात सवलत मिळते. सत्तरच्या दशकात आधीच्या मालकानं भेगा सिमेंटनं बुजवल्या आणि वर प्लास्टिकचा रंग दिला. माती ओल सोडते, सिमेंट धरून ठेवतं, त्यामुळे चारशे वर्षं टिकलेली तुळई पन्नास वर्षांत आतून भुसा झाली. आता सगळं उकरून पुन्हा माती आणि चुना भरणं चालू आहे. गावाचे फोटो काढताना एखादं घर प्लास्टिकच्या पडद्यांनी झाकलेलं दिसलं तर चिडू नका, बहुतेक वेळा हेच काम चाललेलं असतं.

हानोवरहून

थोडं भांडण लावतो. हिल्डेसहाइमच्या चौकातलं क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउस, खाटिकांच्या संघाचं घर, मूळ 1529 चं. 22 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यानंतर शहर जळालं, तेव्हा तेही गेलं. साठच्या दशकात त्या जागी काँक्रीटचं हॉटेल झालं. ते पाडून 1987 ते 89 मध्ये हुबेहूब जुन्यासारखं घर उभं केलं. मी त्यासमोर उभा राहून विचारात पडलो: हे जुनं म्हणायचं का? माझं वय त्या घराहून जास्त आहे!

फ्रांकफुर्टहून

आमच्याकडे तर त्याहून ताजं आहे. कथीड्रल आणि रोमर (जुना टाउन हॉल) यांच्यामधला ‘नवा जुना’ भाग 2018 मध्ये खुला झाला. वर्षभर नाकं मुरडणारे आता तिथेच कॉफी प्यायला बसतात. मला नक्कल चालते, पण तशी पाटी असावी. रोटेनबुर्गचाही पूर्वेकडचा बराच भाग 31 मार्च 1945 च्या हल्ल्यानंतर पुन्हा बांधलेला आहे, जुन्या गावाचा सुमारे 40 टक्के. तटावरून चालताना भिंतीत देणगीदारांच्या नावांचे दगड दिसतात, त्यात जपानी नावंही आहेत. किती टूरवाले हे सांगतात?

धागा काढणारी

फ्रांकफुर्टकर, मान्य. माझ्या पहिल्या परिच्छेदातलं ‘जागच्या जागी राहिली’ हे पश्चिमेकडच्या भागापुरतंच धरा.

ग्योटिंगनहून, पुण्याची

हे विद्यापीठाचं शहर, फार छोटं नाही, पण जुना भाग पायी पाऊण तासात होतो आणि त्याभोवती जुन्या तटाच्या बांधावरून झाडांखालून चालता येतं. चौकात गेन्झेलीझल, बदकंवाल्या मुलीची मूर्ती, 1901 ची. डॉक्टरेट मिळाली की कारंज्यावर चढून तिला फुलं द्यायची आणि गालाचा मुका घ्यायचा, अशी रीत आहे.

मी इथे आले ती फ्रांझ कीलहॉर्नमुळे. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवून, पतंजलीच्या महाभाष्याच्या संपादनाला मुंबईत सुरुवात करून ते 1882 मध्ये इथे प्राध्यापक झाले. 1885 मध्ये याच विद्यापीठानं रा. गो. भांडारकरांना मानद डॉक्टरेट दिली. मुळामुठेच्या काठावर शास्त्रीबुवांकडून व्याकरण शिकलेला हा माणूस लायने नदीच्या काठी तेच शिकवत राहिला, 1908 ला वारेपर्यंत. शहरात जागोजागी घरांवर नावाच्या पाट्या आहेत, कोण विद्वान कुठे राहिला त्याच्या. त्या वाचत फिरण्यासारखी फुकटातली करमणूक नाही.

आखेनहून, विद्यार्थी

पैसे नसणाऱ्यांसाठी: मोनशाऊ. डॉइचलांडटिकिटावर, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसच्या महिन्याच्या पासावर, बस जाते (49 युरोवर सुरू झालेलं तिकीट वाढत वाढत 60 च्या पुढे गेलंय, तरी परवडतं. फक्त आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही). रुर नदीच्या घळईत पाटीच्या दगडाच्या छपरांचं गाव. नदीचं पाणी कमी चुन्याचं, लोकर धुवायला-रंगवायला उत्तम, म्हणून अठराव्या शतकात इथले कापडवाले गब्बर झाले. त्यांच्यापैकी शाइब्लर घराण्याचं ‘लाल घर’ बघण्यासारखं आहे. मोहरीची गिरणी आहे, चव घ्यायला फुकट देतात. रविवारी परतीची बस किती वाजता आहे ते आधी पाहा, एवढंच.

माइन्झहून

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. या गल्ल्यांत वर बघता बघता अधूनमधून खालीही बघा. नाझींनी छळलेल्या, मारलेल्या माणसांच्या आठवणीसाठी दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन फरसबंदीत बसवलेले असतात: ‘इथे राहत होते’, नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. श्टोल्परश्टाईन म्हणतात. गुंटर डेमनिग या कलाकारानं नव्वदच्या दशकात हे सुरू केलं. रोटेनबुर्गनं 1520 मध्ये ज्यूंना हाकललं होतं आणि 1938 च्या ऑक्टोबरात, नोव्हेंबरात ज्यूंवर देशभर झालेल्या हल्ल्यांच्याही काही दिवस आधी, उरलेल्यांना पुन्हा. गल्लीचं नाव अजून यूडेनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली, असंच आहे. वोर्म्सला ‘हायलिगर झांड’ ही ज्यू दफनभूमी जरूर पाहा, अकराव्या शतकापासूनचे दगड तिथे तिरके उभे आहेत. 2021 पासून तीही युनेस्कोच्या यादीत आहे.

नाशिकहून

सगळं वाचलं. आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये येतोय. आईचे गुडघे दुखतात, दोघं शाकाहारी. एकच गाव निवडायचं तर कुठलं?

हालेहून

गुडघे असतील तर क्वेडलिनबुर्गची टेकडी सोडा, आणि फरसबंदी सगळीकडे ओबडधोबडच असते, तेव्हा जाड तळव्याचे बूट. सप्टेंबरचा दुसरा रविवार गाठा. त्या दिवशी देशभर ‘टाग डेस ओफेनन डेंकमाल्स’, म्हणजे खुल्या वास्तूंचा दिवस, असतो, एरवी बंद असणारी जुनी घरं, माळे, तळघरं उघडी ठेवतात, बहुतेक ठिकाणी फुकट, आणि मालक स्वतः माहिती सांगतो.

धागा काढणारी

मी न्योर्डलिंगन म्हणेन. गाव सपाट आहे, मनोरा तुम्ही एकट्यानं चढा. आईंना केझश्पेट्झलं (चीज घातलेल्या जाडसर शेवया) मागवा, वर तळलेला कांदा असतो, पण ‘ओने श्पेक’ (बेकनशिवाय) हे दोन शब्द पाठ करून या. माउलटाशन, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, घेऊ नका, आत बहुधा मांस असतं. दुपारी दोनच्या आत जेवायला बसा, नंतर स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळपर्यंत.