प्रतिसाद: वॅट वाढवून गाभा वितळणार नाही

वर विचारलंय की फ्रोझन सुरमईचे तुकडे कडेला शिजतात आणि आत बर्फच राहतो, तर जास्त वॅटचा मायक्रोवेव्ह घ्यावा का? नका घेऊ, त्रास वाढेल. बर्फ घरच्या मायक्रोवेव्हच्या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ शोषतच नाही, पाणी मात्र हजारो पटींनी जास्त शोषतं. त्यामुळे कडेचा एक कोपरा आधी वितळला की पुढची सगळी ऊर्जा तोच ओढून घेतो. बघता बघता तिथलं मांस पांढरं, घट्ट होतं आणि बोटभर आत सुरी शिरत नाही.

म्हणूनच कारखान्यांत मांसाच्या मोठ्या लाद्यांसाठी ९१५ मेगाहर्ट्झ किंवा २७.१२ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर वापरतात. दुसरीची लांबी सुमारे ११ मीटर, घरच्या मायक्रोवेव्हची जेमतेम १२ सेंटिमीटर. लांब लहर खोल जाते आणि लादीत गरम-थंड पट्टे पडत नाहीत. तरी कोपऱ्यांवर विद्युतक्षेत्र एकवटतंच, म्हणून इलेक्ट्रोडचा (ज्या धातूच्या पाट्यांमध्ये लादी ठेवतात त्यांचा) आकार आणि लादीपासूनचं अंतर यावर डिझाइनची खरी मेहनत असते. मला तर हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

आणखी एक शहाणपण म्हणजे पूर्ण वितळवायचंच नाही. उणे ४ ते उणे २ अंशांवर थांबतात. तेवढ्यावर सुरी चालते. घरी डीफ्रॉस्टवर थोडा वेळ चालवा, मध्ये तसंच राहू द्या, तुकडे उलटा, उरलेलं काम फ्रीजच्या खालच्या कप्प्यात होऊ द्या.