मोरीच्या तलावाला वीसपैकी सतरा

पॅरामॅटाची_वहिनी
लेक इथे सिडनीत दहावीला आहे. इतिहासात 'हक्क आणि स्वातंत्र्य' असा भाग असतो, त्यात अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, हक्कांचा लढा येतो. असाइनमेंट अशी होती: १९६५च्या फ्रीडम राइडच्या बसमध्ये तुम्ही आहात असं समजून डायरी लिहा आणि शेवटी पुढे काय घडलं याचा एक परिच्छेद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फेब्रुवारी १९६५मध्ये सिडनी विद्यापीठाचे तीसेक विद्यार्थी चार्ल्स पर्किन्सच्या पुढाकाराने बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावांतून फिरले. वॉलगेटला माजी सैनिकांच्या क्लबात अ‍ॅबोरिजिनल माजी सैनिकांना प्रवेश नव्हता, तिथे निदर्शनं केली. रात्री गाव सोडताना त्यांची बस मुद्दाम रस्त्याबाहेर घालवली गेली. मग मोरी. (हो, गावाचं नाव खरंच मोरी आहे. हसून घ्या.) तिथल्या पोहण्याच्या तलावावर अ‍ॅबोरिजिनल लोकांना बंदी, नगरपालिकेचा १९५५चा ठरावच तसा.

पोरीने मोरीबद्दल लिहिलं, "खिडकीतला माणूस मुलांकडे बघत नव्हता, सुटे पैसे परत परत मोजत होता." मला फार आवडलं. बाईंनी समासात लिहिलंय, "भावना आणखी खोल हव्यात." तीन मार्क गेले, सतरा मिळाले. शेवटच्या परिच्छेदात तिने ठोकून दिलंय की १९६७च्या सार्वमताने अ‍ॅबोरिजिनल लोकांना मताचा हक्क मिळाला. तिथे बरोबरची खूण आणि "छान!"

अहो, ते चूक आहे. केंद्राच्या निवडणुकीत मत १९६२लाच मिळालं, राज्यांत सगळ्यात शेवटी क्वीन्सलँडने १९६५ला दिलं. १९६७ला राज्यघटनेतल्या दोन गोष्टी बदलल्या: लोकसंख्या मोजताना त्यांना धरू नये हे कलम १२७ गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला मिळाला. म्हणजे चुकीच्या इतिहासाला पूर्ण मार्क आणि कमी रडल्याबद्दल दंड. हे असलं मूल्यमापन कशाला हवं? सरळ प्रश्न विचारा, सरळ उत्तरं तपासा.

जुना_खडू
वहिनी, चूक तपासणाऱ्याची आहे, डायरीची नाही. मी सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला, सध्या मेलबर्नला मुलाकडे आहे. 'सकारण स्पष्ट करा' आणि 'टीपा लिहा' यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत. गाइडमधला परिच्छेद स्वल्पविरामासकट उतरवलेला असायचा. पैकीच्या पैकी द्यायचो, दुसरं करणार काय? त्या पोराला काही कळलंय की नाही, याचा मला आजतागायत पत्ता नाही.

डायरी लिहायची तर बस कुठून कुठे गेली, वाटेत कोण भेटलं, हे माहीत असावं लागतं. फक्त एक अट हवी: प्रत्येक नोंदीखाली ही गोष्ट कुठून घेतली ते लिहायचं. तुमच्या लेकीला विचारा, सुटे पैसे मोजणारा माणूस कुठे सापडला? त्या वेळच्या बातमीत, फोटोत, कुणाच्या आठवणीत? तसं असेल तर माझ्याकडून वीस. मनाने लिहिलं असेल तर ती मराठीच्या पेपरातली कल्पनाविस्ताराची ओळ झाली. सुंदर आहे, पण इतिहासात मार्क नाहीत.

रोखठोक
मूळ मुद्दा कुणीच काढत नाही. आपली पोरं इथे स्थलांतरितांची. गोऱ्यांच्या पूर्वजांनी अ‍ॅबोरिजिनल लोकांवर केलेल्या अन्यायाचं प्रायश्चित्त आपल्या मुलांनी डायरी लिहून का घ्यायचं? शिवाय पोरांना बरोबर कळतं बाईंना काय आवडतं. गहिवर घातला की मार्क. अ‍ॅबोरिजिनल लोकांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं सल्लागार मंडळ राज्यघटनेत आणायचं का, यावरच्या २०२३च्या सार्वमतात देशातल्या साठ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. त्यातल्या कुणाच्या घरच्या मुलाने मनातलं लिहिलं, तर त्याला किती पडतील?

पॅरामॅटाची_वहिनी
जुना_खडू सर, विचारलं. "मनाने लिहिलं," म्हणाली. घ्या!

रोखठोक, 'आपला काय संबंध' हे मात्र पटत नाही. १९०२चा इथला मताधिकाराचा कायदा काढून बघा. मतदार यादीतून ज्यांना वगळलं त्यांत ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांबरोबर आशियातले मूळ रहिवासीही आहेत. एकाच वाक्यात! ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्यांना मत मिळायला १९२५ उजाडलं. तेव्हा तुम्ही-मी इथे असतो तर त्यांच्याच रांगेत असतो.

रोखठोक
१९०२चं माहीत नव्हतं, मान्य. पण तुमच्याच आकड्यांनी बघा: आपल्याला १९२५, त्यांना १९६२. आपली रांग सदतीस वर्षं आधी सुटली, कारण आपल्यामागे ब्रिटिश साम्राज्याच्या वाटाघाटी होत्या. त्यांच्यामागे कोण होतं? तेव्हा 'आपण सगळे एकाच नावेत' हे नको.

आणि मताला मार्क की अभ्यासाला मार्क, ह्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

चवदार_पाणी
मला तर मोरी वाचताना महाडच आठवलं. १९२४ला महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, तो नुसता कागदावर. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि हजारो लोक प्रत्यक्ष तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ लागलं. मोरीतही अ‍ॅबोरिजिनल मुलांना तलावात सोडलं, बस गावाबाहेर पडताच बंदी पुन्हा आली, बस परत फिरली तेव्हा जमावाने अंडी-टोमॅटो मारले. दोन्हीकडे पाणी आणि दोन्हीकडे नगरपालिका. आपल्या मुलांना हाच तुलनेचा प्रश्न द्या ना! एका पानात समजलंय की नाही ते दिसेल.

बॅकबेंचर
चवदार_पाणी, तुलनेत एक गोम आहे. महाडला ज्यांच्यावर बंदी होती तेच ओंजळीने पाणी प्यायले. फ्रीडम राइडच्या बसमध्ये पर्किन्स स्वतः अ‍ॅबोरिजिनल होता, पण बाकी बहुतेक सगळे गोरे विद्यार्थी. 'तुम्ही बसमध्ये आहात' म्हटलं की पोर आपोआप त्यांच्या सीटवर जाऊन बसतं. बस यायच्या आधी मोरीतल्या लोकांनी काय केलं आणि बस गेल्यावर त्यांचं काय झालं, हे विचारायची सोयच नाही त्या प्रश्नात.

सिडनीत २६ जानेवारी १९३८ला, गोऱ्यांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली त्या दिवशी, अ‍ॅबोरिजिनल लोकांनी स्वतः शोकदिनाची सभा घेतली. १९६६ला व्हिन्सेंट लिंगियारी आणि त्यांच्या गुरिंजी या अ‍ॅबोरिजिनल समाजाचे कामगार वेव्ह हिलच्या गुरांच्या मळ्यावरून काम टाकून निघाले. आधी वाटलं मजुरीसाठी, पण ते जमीनच मागत होते, आणि नऊ वर्षं हटले नाहीत. १९७५ला पंतप्रधान व्हिटलमने जमीन परत दिल्याची खूण म्हणून लिंगियारींच्या हातात माती घातली. ह्यावर डायरी कोण लिहायला सांगतं? बसची गोष्ट सोपी आहे, चांगली पोरं नि वाईट गाव, म्हणून ती परीक्षेत येते.

जुना_खडू
बॅकबेंचर, हे मला सुचलं नव्हतं. डायरीचा आग्रह निम्मा सोडतो.

रोखठोक, तुमचा प्रश्न टाळत नाही. मताला मार्क नसावेत. २०२३ला 'नाही' म्हणणाऱ्याच्या मुलाला आणि 'हो' म्हणणाऱ्याच्या मुलीला एकच प्रश्न द्यावा: "कलम १२७चा मजकूर आणि १९६२च्या मतदान कायद्यातली दुरुस्ती वाचा. १९६७च्या सार्वमताने काय बदललं आणि काय आधीच बदललेलं होतं? तरीही नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' का म्हटलं असावं?" पहिल्या अर्ध्याचं उत्तर कागदात आहे. दुसऱ्या अर्ध्यात मुलाने काहीही मत मांडावं, पुरावा दिला की मार्क. इथे गहिवर चालत नाही आणि गाइडही.

रोखठोक
हा प्रश्न चालेल. माझ्या मुलाला येणार नाही, ती गोष्ट वेगळी.

पॅरामॅटाची_वहिनी
सरांचा प्रश्न रात्री जेवताना लेकीपुढे टाकला. पोळी हातात तशीच धरून ती म्हणाली, "मग माझा परिच्छेद चूक आहे." म्हटलं हो. थोड्या वेळाने म्हणाली, मोरीतल्या बंदीच्या ठरावावर मत द्यायला तिथल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांना कुणी विचारलं होतं का? मला उत्तर आलं नाही.

आता तिला सोमवारी बाईंकडे जाऊन सांगायचंय की मला इथे 'छान' मिळालंय ते चुकीचं आहे. तिचे बाबा म्हणतात गप्प बस, सतराचे पंधरा होतील. जाऊ देऊ का?

रोखठोक
जाऊ द्या. आणि मार्क कापले तर इथे येऊन सांगा, मग बघतो मी त्या बाईंकडे.