मदत हवी आहे – कुठला तारा जास्त तेजस्वी, व्याध की राजन्य (रायजेल)?

काल गड्ड्याच्या जत्रेतून आल्यावर पोरीला गच्चीवर नेलं (सोलापुरात लाईटीचा उजेड आता लईच वाढलाय, तरी मृग नीट दिसतं) आणि सांगून बसलो की व्याध सगळ्यात मोठा तारा, म्हणून तो एवढा चमकतो. नंतर वाचलं तर पार उलटंच निघालं की ओ! व्याध फक्त 8.6 प्रकाशवर्षांवर आहे आणि सूर्याच्या साधारण 25 पट तेजस्वी, तर मृगातला राजन्य साधारण 860 प्रकाशवर्षांवर असूनपण एवढा ठळक दिसतो, म्हणजे मूळचा किती दणकट असेल.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो एवढं शाळेतलं आठवतंय. मग राजन्य व्याधाच्या जागी आणला तर अंतर शंभरपट कमी, उजेड 10,000 पट जास्त, बरोबर ना? म्हणजे रात्री त्याच्या उजेडात सावली पडेल का?

आणि ती प्रत (म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) कशी मोजतात, व्याधाची उणे 1.46 म्हणजे जास्त तेजस्वी, हे उलटं गणित सातवीतल्या पोरीला कसं समजवू? मोबाईलच्या टॉर्चवर काही प्रयोग करून दाखवता येईल का? कुणी केला असेल तर सांगा प्लीज, आज परत विचारणार ती.