आठ लाख बाट बँकेत अडकवायचे की दरमहा पाठवायचे?

धरमपेठी
मे उजाडला की हा विषय निघतोच: कूलरमध्ये पाणी भरत बसण्यापेक्षा पेन्शन घेऊन थायलंडला राहावं. जायचं त्यांनी जावं, पण आधी थायलंडच्या निवृत्ती व्हिसाची पैशाची अट नीट वाचावी. वय ५० पूर्ण हवं. शिवाय थाई बँकेत ८ लाख बाट, नाहीतर दरमहा ६५,००० बाट उत्पन्न, नाहीतर दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. माझं स्पष्ट मत आहे, पेन्शनरने ठेवीच्या भानगडीत पडूच नये. बाटला पावणेतीन रुपये धरले तर ते २२ लाख होतात. एवढेच पैसे सीनियर सिटिझन योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,८०,४०० रुपये देतात. थाई बचत खात्यात काय मिळणार, चणेफुटाणे. भांडवल इथेच ठेवा, पेन्शन दरमहा पाठवा.

लक्ष्मीनगर_सीए
भाऊ, ६५,००० बाट म्हणजे १,७८,७५० रुपये. एवढं पेन्शन नागपुरात कितीजणांना मिळून राहिलं? आणि ज्यांना मिळतं त्यांनीही हिशेब बघावा. वर्षाचे २१,४५,००० होतात. निवासी माणसाने वर्षात १० लाखांपेक्षा जास्त बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. म्हणजे २,२९,००० अडकले. रिटर्न भरल्यावर मिळतात, पण हा खेळ दरवर्षीचा.
ठेवीत तेवढा त्रास नाही. मार्चअखेर १० लाख, एप्रिलमध्ये १० लाख, उरलेल्या २ लाखांवर टीसीएस ४०,००० फक्त.

धरमपेठी
कायमचे तिकडे राहायला गेलात की फेमाखाली (परकीय चलनाच्या कायद्याखाली) अनिवासी होता. मग बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं) करून घ्यायचं. पेन्शन हे चालू उत्पन्न, कर भरून ते एनआरओतून बाहेर नेता येतं. तिथे टीसीएसचा संबंधच नाही. सीएसाहेबांनी हे काऊन सांगितलं नाही?

लक्ष्मीनगर_सीए
कारण ते सांगितलं की तुमचाच मुद्दा पडतो! अनिवासी माणसाला सीनियर सिटिझनचं नवं खातं उघडता येत नाही. आत्ताचं खातं मुदत संपेपर्यंतचं, पुढे तुमचे ८.२ टक्के कुठून आणणार?
दरमहाच्या मार्गात दुसरीच मेख आहे. बरोब्बर ६५,००० पाठवले आणि मधल्या बँकेने शुल्क कापलं, की पासबुकात ६४ हजार काहीतरी दिसतात. इमिग्रेशनवाल्याला तो महिना चालत नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला राहिला तर पेन्शन थांबतं आणि साखळी तुटते. एक महिना गेला की वर्ष गेलं.

इतवारी_हिशेबनीस
आणखी एक. स्वस्त दरात पैसे पाठवणारी ॲप कधी कधी थायलंडमधल्या स्थानिक खात्यातून पैसे टाकतात. पासबुकात परदेशातून आल्याचा कोड येत नाही, मग बाट पुरे असूनही अर्ज परत. ठेवीलाही हेच लागू. सरळ बँकेतून पाठवा, पावती जपा.

महालवाली
तुम्ही दोघं व्याजावरच भांडून राहिले. खरा घोळ बायकोच्या कागदात होतो.
पहिलं म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारं "विवाहितांना ४ लाखच पुरे" हे विसरा. ती सवलत थाई नागरिकाशी लग्न झालेल्यांची. आपल्या जोडप्यात नवऱ्याचे ८ लाख आणि बायको त्याच्यावर अवलंबून, असं दाखवता येतं. त्यासाठी लग्नाचा दाखला लागतो. जुन्या जोडप्यांपैकी कित्येकांनी नोंदणी केलेलीच नाही. महापालिकेच्या झोन कार्यालयात साक्षीदार, लग्नपत्रिका घेऊन उशिराची नोंदणी होते, पण वेळ हाताशी ठेवा. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव तिसरंच, इथे अर्ज अडतो. थायलंड अपोस्टिल करारात (एका शिक्क्यावर कागद परदेशात मान्य होण्याच्या करारात) नाही, म्हणून अपोस्टिलचा शिक्का तिथे उपयोगाचा नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणन, मग थाई वकिलातीचं, मग थाई भाषांतर, असा क्रम.

धरमपेठी
म्हणजे एका ठेवीत दोघांचं भागलं. मग ठेव मी म्हणत होतो तेवढी महाग नाही.

महालवाली
भागलं, पण तो धडधाकट आहे तोवर. तो गेला की तिच्या राहण्याचा आधारच संपतो. दुःखात असताना तिने पासपोर्ट घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं का? बायको पन्नाशीच्या वर असेल तर तिच्या एकटीच्या नावे वेगळे ८ लाख ठेवा. संयुक्त खात्यावर विसंबू नका.

इतवारी_हिशेबनीस
४४ लाख? ताई, त्यात मनीषनगरकडे एखादा छोटा फ्लॅट येईल. हे माणसाला घाबरवणं झालं.

लक्ष्मीनगर_सीए
एकदा ठेवले म्हणजे बारा महिने तसेच राहतात, असं नाही. वर्षाच्या मुदतवाढीच्या अर्जाआधी २ महिने ८ लाख, मुदतवाढ मिळाल्यावर ३ महिने ८ लाख, मग ४ लाखांपर्यंत उतरता येतं. पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी परत ८ लाख. म्हणजे कायमचे अडकतात ते ४ लाख. मुदतवाढीचं शुल्क १,९००. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. आणि दिवाळीला नागपूरला येताना री-एन्ट्री परमिट (थायलंडला परतण्याची परवानगी) काढाच, एकदाचं १,०००, अनेकदाचं ३,८००. ते न काढता विमानात बसलात की वर्षाची परवानगी तिथेच संपली.

महालवाली
आणि व्हिसाचा ओ-ए प्रकार घेतला तर आरोग्य विम्याचीही अट आहे, किमान ३० लाख बाटचा. सीजीएचएस (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं) कार्ड तिकडे चालत नाही. साधा ओ व्हिसा घेऊन तिथे मुदतवाढ केली तर ही अट नाही, पण विमा नसेल तर दवाखान्याचं बिल कोण भरणार?

धरमपेठी
ठीक, एवढं मान्य. पहिल्या वर्षी ठेव, कारण बारा महिन्यांच्या नोंदी तेव्हा असणारच नाहीत. दुसऱ्या वर्षापासून दरमहाच.

लक्ष्मीनगर_सीए
मग पहिल्या महिन्यापासूनच ६७,००० च्या आसपास पाठवायला लागा, दोन हजार शुल्कासाठी. दुसऱ्या वर्षीचा अर्ज त्याच नोंदींवर जाईल.