भोपाळची चाळीस वर्षे: दुःख ओसरले, याची खंत करावी का?

प्रश्न (यावल तालुका)

माझे काका बाविसाव्या वर्षी भोपाळला कामाला गेले होते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा ते जवळच्याच वस्तीत झोपलेले होते. ते गेल्याची बातमी घरी आल्यावर काही दिवसांनी पोस्टमनने त्यांचीच मनीऑर्डर आणून दिली. रक्कम शंभर रुपये होती आणि खालच्या कुपनावर ‘केळीला पाणी वेळेवर द्या, आखाजीला येतो’ एवढेच लिहिले होते (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया). आजीने ते कुपन पोथीत जपून ठेवले.

माझे वडील, म्हणजे नाना, दर ३ डिसेंबरला दिवसभर काही खात नसत. २०२४ मध्ये चाळीस वर्षे झाली म्हणून टीव्हीवर ती दृश्ये पुन्हा दाखवली, तेव्हा त्यांनी ती शांतपणे पाहिली, नेहमीसारखे जेवण केले आणि केळीचा भाव विचारला. दुसऱ्या दिवशी मात्र ते म्हणाले की भावाचा चेहरा आता नीट डोळ्यांसमोर येत नाही आणि याची त्यांना लाज वाटते. कुपनावरची शाईही इतकी फिकी पडली आहे की अक्षरे लागत नाहीत. त्यांना काय सांगावे, हे मला सुचत नाही.

उत्तर १ (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

नानांना माझा नमस्कार सांगा. त्या रात्री भोपाळ स्थानकावर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी मुंबईकडे येणारी गोरखपूर एक्सप्रेस वेळेआधीच सोडायला लावली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवण्याचे निरोप दिले. ती गाडी इटारसी, खंडव्यावरून आमच्या भुसावळलाच येते. त्यामुळे रेल्वेच्या वसाहतीत ही हकिगत कितीतरी दिवस घरोघरी बोलली जात होती, आणि भोपाळ स्थानकावरचे जे सहकारी जागेवरच गेले त्यांच्याविषयी बोलताना भल्याभल्यांना पुढचे शब्द सुचत नसत. माझेही तसेच होई. मी अर्ध्यावरच उठून जात असे. आता नातवंडांना सांगताना माझा आवाज कापत नाही, म्हणून तर हकिगत शेवटपर्यंत सांगून होते. नानांनी त्या दिवसांविषयी तुम्हाला कधी सलग सांगितले आहे का? नसेल, तर आता विचारून पाहा.

उत्तर २ (शिक्षिका, धुळे)

आपल्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर नैवेद्य वाहतात. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत असतात. माझा भाऊ गेला त्या वर्षी घागर भरताना आईचे हात इतके थरथरत होते की अर्धे पाणी ओट्यावर सांडले. आजी तिला एवढेच म्हणाली, ‘आते रडू नको, घागर भर.’ पुढे कितव्या वर्षी आईने ती घागर न रडता भरली, हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही, पण ती भरायची एकदाही चुकली नाही. नानांचा उपास सुटला असेल. पण काकांच्या नावाने घागर भरली जात असेल, तर लाज वाटण्याजोगे मला त्यात काही दिसत नाही. कुपनाचा आजच चांगला फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद उजेडात ठेवू नका.

उत्तर ३ (कापूस उत्पादक, अमळनेर)

घराच्या बाबतीत वरील दोन्ही उत्तरे मला पटतात. देशाच्या बाबतीत मात्र काळावर इतके सोपवू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. ज्या सेविन कीटकनाशकासाठी हा वायू तिथे साठवला होता, ते आमच्याही कपाशीवर मारले जाई, म्हणून मला हे प्रकरण कधी परके वाटले नाही. टाकीत पाणी शिरून वायू सुटला, तेव्हा ते रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. १९८९ मध्ये कंपनीशी ४७ कोटी डॉलर भरपाईवर तडजोड झाली, २०१० मध्ये कंपनीच्या सात माजी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा होऊन लगेच जामीनही मिळाला, आणि कारखान्यात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा तिथून हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. नानांनी रात्री शांत झोपावे, तो त्यांचा हक्क आहे. ज्यांनी जाब द्यायचा होता, त्यांना मात्र आपण हा हिशेब विसरू देता कामा नये.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिले उत्तर नानांना वाचून दाखवले आणि पोथीतले कुपन त्यांच्या हातात दिले. चष्मा आणायला मी उठलो, तोवर त्यांनी कागदाकडे न पाहताच त्यावरचा मजकूर अक्षरशः म्हणून दाखवला. मग बराच वेळ ते बोलत राहिले: भोपाळला कोणत्या गाडीने गेले, कोणत्या रुग्णालयात शोधले, भाऊ कशावरून ओळखला. घरातले सगळे पुरुष तिकडे गेल्यामुळे तेव्हा आठ दिवस केळीला पाणी द्यायला कोणीच नव्हते, हे त्यांनी मला काल पहिल्यांदा सांगितले.