'फोल्ड करा'ला मराठीत काय लिहाल? (लिंबाचं मूस)

कर्वेनगरकर
जावेला लिंबाच्या मूसची कृती मराठीत लिहून हवी आहे. तिचं इंग्रजीत अडत नाही, पण करणार आहेत तिच्याकडच्या स्वयंपाकाच्या मावशी, आणि त्या मराठी वाचतात. बाकी सगळं लिहून झालं, गाडी 'फोल्ड'पाशी अडली. फेटलेलं क्रीम लिंबाच्या मिश्रणात फोल्ड करायचं असतं. 'ढवळा' लिहिलं तर मावशी गरागरा ढवळतील. 'घडी घाला' लिहिलं तर मला फोन येईल. 'हळुवारपणे मिसळा' वाचायला बरं वाटतं, पण हाताने नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. सुचवा.

नारायणपेठी
एकजीव करा. संपला विषय.

तळजाई
नाही हो काका, इथे एकजीव नको. पुरण एकजीव होतं ते घोटून. चक्का-साखर एकजीव होते ती पुरणयंत्रातून काढून. दोन्हीकडे जोर लावायचा असतो. इथे सगळा खटाटोप क्रीममध्ये भरलेली हवा टिकवण्यासाठी. खालचं मिश्रण जड, वरचं क्रीम हलकं. जोरात फिरवलं की फेस बसतो आणि वाटीत उरतं लिंबाचं गोड दूध.

ही क्रिया आपल्याकडे रोज होते, फक्त गोडाच्या पदार्थात होत नाही. मसालेभात झाल्यावर शीत मोडू नये म्हणून उलथनं कडेने आत घालतो, तळाशी नेतो, खालचा भात वर आणतो आणि अलगद पालथा करतो. पोह्यांचंही तेच. त्याला आमच्या घरी 'वरखाली करणे' म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. तेव्हा लिहा: 'क्रीमचा तिसरा हिस्सा आधी घालून मिश्रण सैल करून घ्या. उरलेलं दोनदा घाला आणि हलक्या हाताने तळापासून वरखाली करा. दर वेळी भांडं थोडं फिरवा. पांढऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या की थांबा.' शेवटचं वाक्य गाळू नका. कधी थांबायचं हे न सांगितल्यामुळेच बहुतेक कृती बिघडतात.

कर्वेनगरकर
वरखाली! आवडलं. मावशींना विचारावंसुद्धा लागणार नाही.

जुना बाजार
शब्दचर्चाच चालली आहे तर 'मूस'कडेही बघा. मराठीत मूस आधीपासून आहे: सोनं वितळवायची, सोनाराची. संस्कृत 'मूषा'वरून आलेली, स्त्रीलिंगी. मोल्सवर्थच्या कोशातही, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, ती आहे. 'अमक्याच्या मुशीत घडलेला' म्हणतो ती हीच. फ्रेंच शब्दाचा तिच्याशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ फेस. गंमत म्हणजे तोही फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगीच. पण म्हणून आपणही 'ती मूस' म्हटलं तर पुढे 'मुशीत चमचा घातला' म्हणावं लागेल, आणि मग भट्टीच डोळ्यापुढे येते. डेक्कनच्या कॅफेत पोरं सर्रास 'मूस भारी होता' म्हणतात. माझं मत नपुंसकलिंगाला: ते आइस्क्रीम, ते श्रीखंड, ते मूस. मुसाचं, मुसात.

नारायणपेठी
एवढं करण्यापेक्षा 'लिंबूफेस' म्हणा की. शुद्ध मराठी.

तळजाई
ऐकूनच तोंडाला फेस आला.

जुना बाजार
फेस म्हटलं की साबण आठवतो हे खरं. पण 'फेसणे' हे क्रियापद आपल्या स्वयंपाकघरातलंच. काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावतात, नाकात झणझणते ती. अर्थात तिथे रगडणं आलं. क्रीमला 'फेटणे' ठीक आहे, ते हलवू नका. आणि नावाचं म्हणाल तर पुण्याने दुधात आइस्क्रीम घालून त्याला मस्तानी म्हटलं, दुग्धहिमपेय म्हटलं नाही. मूसला मूसच राहू दे.

कर्वेनगरकर
फेटण्यावरूनच पुढचं विचारते. मूळ कृतीत 'सॉफ्ट पीक्स' आहे. मी 'मऊ शिखरं येईपर्यंत' लिहिलंय.

तळजाई
सिंहगडावर जायचंय का? 'फेटणी उचलली की क्रीमचं टोक उभं राहून किंचित वाकेल इतपत फेटा.' पुढे 'जास्त फेटल्यास लोणी निघेल' एवढं लिहिलंत तरी पुरे. ताक घुसळलेल्या बाईला त्याहून जास्त सांगावं लागत नाही. मात्र क्रीम कुठलं ते लिहा. छोट्या खोक्यात मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, ते फुगत नाही. ३०च्या वरचं हवं, आणि फ्रीजमधून काढल्याकाढल्या फेटायचं.

आणखी एक. कंडेन्स्ड मिल्कमध्ये रस पडला की ते लगेच घट्ट व्हायला लागतं. मावशींना वाटेल, नासलं. तिथे 'आळून येईल, तसंच हवं' असं लिहा. आंबटाने दुधातलं प्रथिन धरतं, पण दूध आधीच आटवलेलं आणि साखर भरपूर, त्यामुळे पाणी सुटत नाही. पिठलं आळतं तसंच. 'थिजेल' नको, थिजतं ते तूप.

नारायणपेठी
आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर?

तळजाई
'सेट होऊ द्या.' सेट सगळ्यांना कळतं, तिथे मराठीचा हट्ट नको. चायना ग्रास मात्र घालू नका, चमच्याला वडी लागेल.

मंडई
लिंबांचं कोणी बोललंच नाही. कृती बाहेरची असेल तर त्यातलं लेमन म्हणजे पिवळं, मोठं, जाड सालीचं. त्या एकातून तीनेक मोठे चमचे रस निघतो. आपलं कागदी लिंबू त्यापुढे लहान, एक-दीड चमच्यावर जात नाही. म्हणून 'दोन लिंबं' असं भाषांतर करू नका, रस चमच्यात लिहा. आणि 'साल किसा' म्हणून सोडू नका. कागदीची साल नावासारखीच पातळ, किसणीवर एकदाच फिरवायची. पांढरं लागलं की कडू.

कर्वेनगरकर
रस ४ मोठे चमचे करते मग. कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, क्रीम २५० मिली. आंबट कमी वाटलं तर अजून एक चमचा. तळाला श्रूजबेरी बिस्किटांचा चुरा घालायला सांगितलंय, 'चुरा'बद्दल कोणाची हरकत नसावी.

नारायणपेठी
हरकत नाही. पण वेलदोडा लिहायचा राहिलाय.

तळजाई
काका, वेलदोडा नाही. सालीचा वास मरतो.