व्हॉल्यूम लेबलला मराठीत काय म्हणायचं?

चिंचोका: फेडोरा टाकायची माहिती (फेडोरा म्हणजे विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टिम) मराठीत लिहितेय, एका वाक्यावर घोडं अडलंय. बूटच्या ओळीत (कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो ती आज्ञा) पेनड्राइव्हचं व्हॉल्यूम लेबल, म्हणजे त्याला दिलेलं नाव, लिहिलेलं असतं, फाइली नुसत्या कॉपी केल्या आणि लेबल वेगळं राहिलं तर इन्स्टॉलरला स्वतःचाच उरलेला भाग सापडत नाही. आणि फॅट३२ मध्ये (पेनड्राइव्हवर फाइली ठेवायची पद्धत) लेबलला ११च अक्षरं मावतात, फेडोराची लेबलं त्याहून लांब, म्हणजे ती ओळही बदलावी लागते. 'खंडाचे नाव' लिहिलं तर नवरा म्हणाला आशिया की आफ्रिका?

गोटीसोडा: खंड नकोच, आमच्याकडे जमीन खंडाने देतात. सरळ 'डिस्कचं नाव' लिहा.

चिंचोका: पण एका डिस्कवर चार पार्टिशनं, म्हणजे वेगळे पाडलेले भाग, असली की लेबलंही चार, मग डिस्कचं नाव कसं?

जुनाजाणता: 'तबकडीची नामपट्टी'. शब्द असताना उसनवारी कशाला? सावरकरांनी दिनांक दिला तेव्हाही लोक हसलेच होते.

गोटीसोडा: काका, तबकडीतला तबक अरबी आहे हो! आणि एसएसडीत (चिपवाल्या डिस्कमध्ये) फिरणारं काहीच नसतं, तबकडी कुठून आणणार? नामपट्टी तर डॉक्टरच्या दारावर असते.

जुनाजाणता: तबक मराठीत मुरलंय. लेबल मुरलेलं नाही.

आळूवडी: लोणच्याच्या बरणीवर काय लावता मग, नामपट्टी? 😄

बिटकॉइल: शब्द कुठलाही घ्या पण देवनागरीत लेबल द्यायला जाऊ नका असं ठळक लिहा. ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सची फाइली ठेवायची पद्धत) लेबलला १६ बाइट मिळतात, युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) आपल्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. 'माहिती' म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. मी ते लेबल दिलं होतं, कॉम्प्युटरने इशारा देऊन कापलं, 'माहित' उरलं आणि पुढे एक अर्धवट बाइट. 'साठा' १२ त बसतो.

जुनाजाणता: 'माहीत'ची वेलांटी दीर्घ असते.

बिटकॉइल: ते कॉम्प्युटरला सांगा.

आळूवडी: मला एक कळत नाही, 'फेडोरा टाकायची' म्हणजे काय? टाकतात तो कचरा. बसवायची म्हणा.

गोटीसोडा: दुकानात कोणी म्हणतं का 'विंडोज बसवून द्या'? विंडोज टाकतात, फॉरमॅट मारतात. डोळ्यात औषधही टाकतोच की.

आळूवडी: औषध घालतात! आमच्या कोल्हापुरात तरी घालतात.

जुनाजाणता: 'प्रस्थापित करणे' असा चांगला शब्द आहे.

गोटीसोडा: प्रस्थापित म्हटलं की मला साखर कारखाना दिसतो.

चिंचोका: अहो लेबलचं काय ठरलं? सध्या 'व्हॉल्यूम लेबल (पार्टिशनला दिलेलं नाव)' ठेवतेय.

आळूवडी: ठेवा. पण पार्टिशन पुल्लिंगी ना? तुम्ही वर 'पार्टिशनं' लिहिलंय.

गोटीसोडा: ते पार्टिशन! फ्लॅटमधलं लाकडी असतं तेसुद्धा नपुंसकलिंगीच.

आळूवडी: आमच्याकडे तो पार्टिशन.